सिन्नरकर आणि त्यांचा प्रोफेसोरे

भाकरी पालथी ठेवलेली सिन्नरकरांना खपत नसे. कुणाच्याही घरी जेवायला बसले आणि टोपल्यात एखादी भाकरी पापुद्र्याची बाजू खाली करून पडलेली दिसली, की बोलता बोलता त्यांचा हात पुढे होई आणि ती सुलटी होई. मग जणू काही झालंच नाही असे ते पुन्हा बोलण्याकडे वळत. डोंबिवलीला आमच्या शेजारच्या खोलीत ते राहायला आले, त्या आठवड्यात आम्ही त्या दोघा नवराबायकोला जेवायला बोलावलं होतं. माझ्या भाकरीला असं उलटवलेलं बघून मी चांगलीच फणकारले. "राग मानू नका, बाई," ते म्हणाले. "भाकरी उत्तम आहे. पण मी राहत होतो त्या गावात पालथी भाकरी फाशी देणाऱ्यासाठी ठेवतात, असं मानतात. तेव्हापासून मला ती बघवत नाही."

ते गाव इटलीतलं होतं. सिन्नरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांचं मूळ गाव पोलादपूरच्या बाजूला, आणि आडनावही निराळंच. लढाईत ते सैन्यात कारकून हवालदार होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि जहाजात कोंबून त्यांना इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत नेऊन टाकलं. परत आल्यावरही तिकडचे शब्द तोंडातून जात नव्हते. दूधवाल्याला, पोस्टमनला ते सवयीने 'सिन्योर', म्हणजे साहेब, म्हणत. दूधवाल्याने त्याचं सिन्नर केलं, चाळीने सिन्नरकर केलं. त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. "माझ्या खऱ्या नावापुढे सैन्याने एकदा बेपत्ता असं लिहिलंय," ते म्हणत. "या नावाचा माणूस अजून हरवलेला नाही."

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मुंबईत जागा मिळेना म्हणून आमच्यासारखी माणसं डोंबिवलीला येऊन राहत होती. विहिरीचं पाणी शेंदायचं, आणि चाळीच्या मागच्या पायरीवर उभं राहिलं की समोर थेट भाताची खाचरं. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत असे. सिन्नरकर कल्याणला एका कचेरीत कारकून होते. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणे. अंगाने काटक, बोलायला कमी, अक्षरओळख नसलेली बाई. नवरा बेपत्ता असल्याची तार गावी आली तेव्हा सासूने वर्षभर वाट पाहिली आणि मग तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पुढे दोन वर्षांनी नवरा जिवंत उभा राहिला तेव्हा ती बांधावर गवत कापत होती. "एकाच माणसाशी मला दोनदा लगीन लावायला लागलं," एवढंच ती त्याबद्दल सांगे.

सिन्नरकरांना घाई सहन होत नसे. गाडीसाठी धावणारा माणूस दिसला की ते म्हणत, "पिआनो, पिआनो." म्हणजे सावकाश, सावकाश. चाळीतल्या पोरांना वाटे, या काकांच्या घरी पियानो आहे आणि तो ते कुणाला दाखवत नाहीत. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे धूर. वहिनींनी चूल पेटवली आणि ओलं लाकूड धुमसायला लागलं, की सिन्नरकर हातातलं काम टाकून बाहेर पडत. पाऊस असो, ऊन असो, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहत आणि तोंडावर बाही दाबून धरत. खोकला येत नसतानाही. चूल विझेपर्यंत ते परत येत नसत. पुढे वहिनींनी कोळशाची शेगडी घेतली आणि तीही मागच्या पायरीवर पेटवू लागल्या. का, ते त्यांनी नवऱ्याला कधी विचारलं नाही.

त्यांच्या इटलीची गोष्ट मला हळूहळू कळली, आणि ती बहुतेक एका माणसाची गोष्ट होती. सिन्नरकर त्याला नुसतं 'प्रोफेसोरे', म्हणजे मास्तर, म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. तो कादंबरीकार होता. पहिली कादंबरी लिहिली तेव्हा पंचविशीत होता. तिच्यात त्याने डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना त्यांच्याच बोलीत बोलायला लावलं. तिकडच्या हुकूमशाहीला ते झोंबलं. पुस्तक जप्त झालं, शाळेतली नोकरी गेली, आणि सरकारने त्याला एका आडगावात नेऊन ठेवलं. गावाची शीव ओलांडायची नाही, संध्याकाळी पोलिसापुढे उभं राहून तोंड दाखवायचं, आणि लिहायचं नाही. शहरातले मित्र त्याच्याशी ओळख दाखवेनासे झाले. त्याची म्हातारी आई तेवढी आपलं बिऱ्हाड उचलून त्याच्यामागोमाग त्या डोंगरात आली.

इटलीने शरणागती पत्करली तेव्हा छावणीवरचे पहारेकरी पळाले आणि कैदीही पळाले. सिन्नरकर डोंगर चढत गेले आणि थंडीने अर्धमेले होऊन याच मायलेकांच्या दारात पडले. जर्मन फौज खोऱ्यात उतरली होती. पळालेल्या कैद्याला आसरा देणाऱ्याला गोळी, असे कागद भिंतीभिंतीवर लावले होते. तरीही त्यांनी या काळ्या परक्या माणसाला आत घेतलं. सगळा हिवाळा सिन्नरकर तिथे राहिले. प्रोफेसोरेने आपल्या जप्त झालेल्या कादंबरीची जमिनीत पुरलेली एक प्रत उकरून काढली आणि त्या पुस्तकावरून त्यांना आपली भाषा शिकवली. "शाळेत मी मराठी चौथीपर्यंत शिकलो, इंग्रजी कसंबसं," सिन्नरकर सांगत. "पण मला वाचायला शिकवलं त्याने. एकेका वाक्यावर थांबायचा. म्हणायचा, हे वाक्य खोटं आहे का बघ. मी म्हणायचो, तुमचंच आहे. तर म्हणायचा, म्हणूनच बघ."

लढाई संपल्यावर प्रोफेसोरेने दुसरी कादंबरी लिहिली. ती त्याच गावाची, त्याच हिवाळ्याची. त्याचं नाव झालं. तिकडचे तरुण लेखक त्याच्यासारखं साधं, कोरडं, अलंकार काढून टाकलेलं लिहायला लागले, असं सिन्नरकर कुठल्यातरी मासिकात वाचून मला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा मुलगा पहिला आलेल्या बापासारखा होई. प्रोफेसोरेने एक प्रत पोलादपूरच्या पत्त्यावर पाठवली होती. ती फिरतफिरत डोंबिवलीला आली. सिन्नरकरांनी ती वाचली आणि काही महिने कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका रविवारी माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, हे मराठीत आणायचंय. माझं मराठी सैन्यातल्या अर्जासारखं आहे. तुम्ही बघाल का?"

असं आमचं काम सुरू झालं. रविवारी दुपारी ते आमच्या ओटीवर बसून वाचत आणि मी शब्द सुचवी. पहिलं भांडण झालं ते चेस्टनट नावाच्या फळावरून. ते डोंगरी लोक हेच फळ वाळवून, दळून, त्याच्या पिठावर हिवाळा काढतात. त्याला मराठीत शब्द नाही. सिन्नरकरांनी सगळीकडे 'आठळी' लिहिलं होतं.

"अहो, इटलीत फणस कुठला?" मी म्हटलं.

"फणस नाही. पण भाजल्यावर चव आठळीचीच. वास तोच, चिकटपणा तोच. पहिल्या दिवशी म्हातारीने माझ्या हातावर गरम गरम ठेवली आणि मला माझं घर आठवलं. तुम्ही दुसरा शब्द घातलात तर ते घर जाईल."

मी हरले. त्यांच्या मराठी कादंबरीत इटलीतली माणसं आठळ्या खाऊन जगतात, आणि मला आता ते अजिबात विचित्र वाटत नाही. कादंबरीत म्हातारी लेकाला जी हाक मारते, तीच ती एकेकाळी त्यांनाही मारायची; तिच्यासाठी मात्र त्यांनी माझा एकही शब्द घेतला नाही. लेका, बाळा, सगळं नाकारलं. शेवटी 'पोरा' ठेवलं, पण मोठ्याने वाचताना तो शब्द आला की ते गाळत आणि पुढे जात.

झालेली प्रकरणं ते आमच्या शाळेच्या एका वर्गात रविवारी वाचून दाखवू लागले. शिक्षक, कारकून, एक-दोन निवृत्त माणसं, कधी बायका. मानपाड्याहून एक आगरी तरुण येई. तो त्यांच्या घरातला पहिला मॅट्रिक. प्रोफेसोरेचे शेतकरी मिठासाठी मैलोनमैल जातात ते प्रकरण ऐकून तो उठला आणि रागावल्यासारखा म्हणाला, "आमचा बा आख्खा जलम मिठागरान राबला. त्याचा कोन लिवनार?" सिन्नरकर म्हणाले, "तुम्ही लिहा. आणि तो बोलतो तसंच लिहा, सुधारू नका." त्याने खरंच लिहिलं. पुढे त्याच्या गोष्टी छापून आल्या, आणि त्या वाचणाऱ्यांपैकी कुणालाही माहीत नसेल की त्यांचं मूळ एका इटालियन माणसाच्या पुस्तकात आहे.

या वाचनाची वार्ता ठाण्याला पोचली. तिथल्या एका प्रकाशकाने सगळे कागद मागवून वाचले आणि कादंबरी छापायची तयारी दाखवली. पण त्याआधी ठाण्यात एक मोठं वाचन करा, आणि त्यात ते हिंदी शिपायाचं प्रकरण वाचा, असा त्याचा आग्रह होता. कादंबरीत असा एक शिपाई आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. सिन्नरकरांनी ते प्रकरण मला दाखवलंच नव्हतं. "ते तुम्हांला बघायची गरज नाही," ते म्हणाले. "त्यात कठीण शब्द नाहीत."

ठाण्याच्या त्या सभागृहात चांगली गर्दी होती. वहिनी आणि मी बायकांच्या बाजूला बसलो. नवऱ्याचं वाचन ऐकायला वहिनी पहिल्यांदाच आल्या होत्या. सिन्नरकरांनी एकसुरी आवाजात ते प्रकरण वाचलं. कादंबरीत जर्मन शिपाई म्हातारीच्या दारात येतात. हिंदी कैदी आठळ्या वाळवायच्या खोपीत माळ्यावर लपलेला आहे आणि खाली धुमी पेटलेली आहे. शिपाई म्हातारीला विचारतात, मारतात. तेव्हा वरून तो हिंदी माणूस शिडीने खाली उतरतो, "मी इथे आहे," म्हणतो, आणि म्हातारीकडे बघत भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. त्याला गोळी घालतात. म्हातारीचा जीव वाचतो.

माणसं रडत होती. टाळ्या किती वेळ थांबेनात. अध्यक्ष म्हणून बसलेले एक वकील उठले आणि म्हणाले, "परक्या मुलखातल्या लेखकाने आपल्या जवानाला असं अमर करावं, यापरतं भाग्य नाही. सिन्नरकर, तुम्हीही तिकडे होतात. हा शिपाई खरा होता का? तुमच्या ओळखीचा होता का?"

सिन्नरकर खुर्चीतून उठले. "होता," ते म्हणाले. "तो मी. मी खाली उतरलो नाही."

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, अगदी थोडक्यात. खोपी खरी, धुमी खरी, म्हातारी खरी. प्रोफेसोरे त्या दिवशी पोलिसाला तोंड दाखवायला गेला होता. ते माळ्यावर पालथे पडून होते आणि खोकला येऊ नये म्हणून त्यांनी बाही दातांत धरली होती. खाली ते लोक विचारत होते आणि म्हातारी प्रत्येक वेळी म्हणत होती, इथे मी एकटी आहे. मग तिला अंगणात नेलं. गोळीचा आवाज आला. "त्यानंतरही मी उतरलो नाही," ते म्हणाले. "बूट वाजायचे बंद झाले, तेव्हा उतरलो. तिचं तोंड धुतलं. प्रोफेसोरे आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का? दुसऱ्या दिवशी त्यानेच मला डोंगरापलीकडे नेऊन सोडलं. पुस्तकात त्याने आईला जगवलं आणि मला चांगला माणूस करून मारलं. दोन्ही खोटं आहे. तो लेखक आहे, त्याला तेवढा हक्क आहे. पण टाळ्या घ्यायचा मला नाही."

माणसं एकेक करून उठली आणि चपला शोधायला लागली.

स्टेशनकडे जाताना आम्ही तिघंच होतो. वहिनींनी पदर नीट खोचला. मग म्हणाल्या, "तुमी खाली आला असतात तर ती वाचली असती का?"

"कोण जाणे. दोघांनाही मारलं असतं कदाचित."

"मग बरं केलंत."

सिन्नरकर थांबले. "काय म्हणालीस?"

"बरं केलंत म्हणाले. मी तिकडं बांगड्या फोडून बसले होते. तुमी उतरला असतात तर त्या फुटलेल्याच राहिल्या असत्या. त्या माउलीचे पाय धरले असते मी. पण तुमी उतरला नाहीत ते बरं केलंत."

त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. भर रस्त्यात ते ओरडले, "ती मेली त्यात तुला आनंद आहे? माझ्यासाठी कुणी आनंद मानायचा नाही, समजलं? कुणी नाही!" वहिनी हलल्या नाहीत. खाली मान घालून म्हणाल्या, "मी मानणार." त्या दोघांत मग पुढे कित्येक महिने बोलणं नव्हतं. ठाण्याच्या लोकांनी तोंड फिरवलं त्याचं सिन्नरकरांना काही वाटलं नाही. बायकोने त्यांना माफ केलं ते मात्र त्यांना सोसलं नाही.

प्रकाशक आठवड्याभराने आला. कादंबरी छापू, पण ही हकीकत पुन्हा कुठे बोलू नका, असं त्याचं म्हणणं. सिन्नरकरांचा हट्ट उलटा: हकीकत प्रस्तावनेत हवी. प्रकाशक म्हणाला, "अहो, प्रस्तावनेत तुम्ही शिपायाला जिवंत ठेवलंत तर वाचक पुढे रडेल कसा?" सिन्नरकरांनी शांतपणे कागदांचा गठ्ठा उचलून घेतला. त्याला दारापर्यंत पोचवून आले आणि मला म्हणाले, "वाक्य खोटं आहे का, हे हा माणूस बघतच नाही."

कल्याणच्या कचेरीत ही गोष्ट गेलीच. कुणीतरी त्यांच्या टेबलाला शिडी टेकवून ठेवली. त्यांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली आणि ते कामाला बसले. रविवारची वाचनं बंद पडली. आगरी तरुण तेवढा येत राहिला. सिन्नरकर त्याच्या गोष्टी वाचत, एकेका वाक्यावर बोट ठेवत, आणि तो न चिडता खाडाखोड करी.

प्रोफेसोरे गेल्याची बातमी इंग्रजी वर्तमानपत्रात चार ओळींची आली होती. हृदयविकाराने गेला, युद्धोत्तर पिढीवर त्याचा मोठा प्रभाव होता, असं काहीतरी. मीच ती त्यांना दाखवली. ते उठले, विहिरीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. वहिनी धावत आल्या. "कोण गेलं?"

"भाऊ," ते म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या हातातली बादली घेतली आणि स्वतःच्याही डोक्यावर ओतून घेतली. त्या दिवसापासून दोघं पुन्हा बोलायला लागले, असं मला आठवतं.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. छाती पहिल्यापासूनच खराब होती. शेवटचे महिने ठाण्याच्या इस्पितळात गेले. मी भेटायला गेले की ते शब्दांबद्दलच बोलत. अमुक पानावर 'कडा' लिहिलंय तिथे 'दरड' हवं, असलं काहीतरी. कागदांचं पुढे काय करायचं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गेले तेव्हा वहिनी उशाशी होत्या. इस्पितळातून निघताना रडल्या नाहीत. "या बारीला तार नाही आली," एवढंच म्हणाल्या.

दिवस झाल्यावर एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. हातात पाटी होती, चाळीतल्या कुणा मुलाची मागून आणलेली. "बाई, मला वाचायला शिकवा."

"आता? कशासाठी, वहिनी?"

"ती म्हातारी कशी होती ते मला वाचायचंय. त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीबी विचारलं नाही."

मी म्हटलं, मी वाचून दाखवते. त्या नको म्हणाल्या. ऐकलेलं पुरत नाही म्हणाल्या. मग रोज दुपारी शेगडीवरचं काम आटपून त्या येत आणि मान मोडून अक्षरं गिरवत. पावसाळा गेला, हिवाळा आला, तेव्हा कुठे त्यांना जोडाक्षरं सुटायला लागली. मग त्यांनी तो गठ्ठा आणला. बोट ठेवून, एकेक शब्द फोडत, मोठ्याने वाचत. म्हातारी चूल कशी फुंकते, बकरीला शिव्या कशा घालते, लेकाला कशी ओरडते, हे सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. 'पोरा' हा शब्द त्या गाळत नसत. उलट तिथे थांबून तो दोनदा म्हणत.

एक दिवस ते प्रकरण आलं. वहिनींनी शिडीपर्यंत वाचलं. पुढची दोन-तीन वाक्यं मनातल्या मनात वाचली असावीत, कारण बोट सरकत होतं आणि आवाज नव्हता. मग त्यांनी ते पान उचललं, त्याच्या मागचंही उचललं, आणि दोन्ही नीट घडी न पाडता माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुमच्याकडं असू द्या," त्या म्हणाल्या. "मला नकोत."

आणि त्यांनी पुढच्या पानावर बोट टेकलं. तिथे वसंत ऋतू लागलेला होता. बर्फ वितळलं होतं आणि म्हातारी दारात उन्हाला बसून कुणावर तरी ओरडत होती. वहिनी वाचत गेल्या, अडखळत, पण न थांबता. एका ठिकाणी त्यांना हसू फुटलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बघा की," त्या म्हणाल्या, "किती वराडतीय."